टेडीच्या पोटात माणूस असतो

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत वाढणाऱ्या मुलाची पोशाखातल्या पात्राशी पहिली गाठ थीम पार्कात पडत नाही. ती पडते वाढदिवसाच्या हॉलमध्ये. केक कापायच्या जरा आधी गाणं मोठं होतं, इव्हेंटवाला माइकवर ओरडतो आणि दारातून मिकी माउस, छोटा भीम किंवा मोटू-पतलूतला मोटू आत येतो. भीमाचं धोतर कुठल्यातरी शिंप्याकडून शिवून घेतलेलं असतं, मिकीचा एक कान दुमडलेला असतो, आणि दोघांचाही हैदराबादच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मूळ मालकांशी काडीचा संबंध नसतो. मुलांना त्याचं काही नसतं. सात-आठ वर्षांची पोरं धावत जाऊन त्याला गराडा घालतात. ज्याचा वाढदिवस, तो दोन वर्षांचा सत्कारमूर्ती मात्र आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागतो.

पुढची पाच मिनिटं महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडे सारखीच असतात. बाबा म्हणतात, “अरे, बघ कोण आलंय! शेकहँड कर. घाबरतो काय एवढा?” फोटोग्राफर म्हणतो, “कडेवर द्या ना मिकीच्या, मस्त येईल.” मूल या हातातून त्या हातात जातं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी म्हणते, “अगं, राहू दे ना त्याला. नको म्हणतोय तर.” त्या हॉलमध्ये शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं जातं आणि ते कुणी ऐकत नाही. अल्बममध्ये शेवटी येतो तो फोटो: हसणारा मिकी, हसणारे आईबाबा आणि भोकाड पसरलेलं बाळ. घरचे तो पुढची वीस वर्षं कौतुकाने दाखवतात.

मूल का रडतं, याचं कारण साधं आहे. आठ-नऊ महिन्यांचं झालं की मूल अनोळखी माणसाला बिचकायला लागतं. मग ते त्या चेहऱ्याची झडती घेतं. हसतोय का, भुवया कशा आहेत, आई याच्याशी कशी बोलतेय, हे पाहून ठरवतं की जावं की न जावं. मॅस्कॉटच्या, म्हणजे पोशाखातल्या पात्राच्या, चेहऱ्याची अशी झडती घेता येत नाही. हसू एकच आणि ते हलत नाही. डोळे मिटत नाहीत. टीव्हीवर वीतभर दिसणारा मिकी इथे बाबांपेक्षा उंच आणि डोकं घमेल्याएवढं. वर तो बोलतही नाही. एवढ्या सगळ्यात रडू आलं नाही तरच नवल.

यावर एक जुना आणि मजेदार प्रयोग आहे. ऱ्हेटा डीव्हरीस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो 1969 मध्ये प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं एक गरीब स्वभावाचं मांजर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दाखवलं. नंतर त्याचा पुढचा भाग पडद्याआड नेऊन, मागचा भाग मुलांच्या नजरेसमोरच ठेवून, तोंडावर भयंकर दिसणाऱ्या कुत्र्याचा मुखवटा चढवला. मांजर कुठे गेलं नाही, हे मुलांनी पाहिलं होतं. तरी पडदा बाजूला झाल्यावर तीन वर्षांच्या मुलांना साधारण असं वाटत होतं की आता हे कुत्रं झालं. सहा वर्षांची मुलं हसत होती. मांजरच आहे, मुखवटा घातलाय, असं सांगत होती. मधली मुलं मधल्या गोंधळात होती. दोन-अडीच वर्षांच्या पोराला “अरे, आत दादा आहे, घाबरू नकोस” सांगून त्याची समजूत का पटत नाही, याचं उत्तर मेनार्डच्या मुखवट्यात आहे. त्या वयात वरचं रूप हीच वस्तू असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र तेच वाक्य पुरेसं होतं.

म्हणून पहिला शिष्टाचार मुलाने पाळायचा नाही, तो आईबाबांनी पाळायचा. पात्र दिसलं की मुलाला घेऊन हॉलच्या किंवा मॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं राहावं. तिथून हात हलवावा. पात्र सवयीचं असेल तर ते तिथूनच हात हलवतं, गुडघ्यावर बसतं आणि आपली उंची कमी करतं. मग बाबांनी एकट्याने पुढे जाऊन हात मिळवून परत यावं. मुलाने ते पाहावं. त्याला जावंसं वाटलं तर जाईल. नाही वाटलं तर दहा फुटांवरून टाटा केला, यात भेट पुरी झाली. करोनानंतर डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत 2022 पर्यंत पात्रं लांबूनच हात हलवत होती, मिठ्या बंद होत्या. तरी रांगा लागत होत्या आणि मुलं खूश होऊन घरी जात होती. मिठीची घाई मोठ्यांना असते, कारण फोटो मोठ्यांना हवा असतो.

आता पोशाखाच्या आत जाऊ, कारण बाकीचे बरेच नियम तिथून निघतात.

मॅस्कॉटचं डोकं फोमचं किंवा फायबरचं असतं. बाहेरून दिसणारे टपोरे डोळे पुष्कळदा नुसते रंगवलेले. आतला माणूस बघतो तो पात्राच्या उघड्या तोंडातून, नाहीतर गळ्याजवळ लावलेल्या जाळीतून. समोरचं थोडंफार दिसतं, डावी-उजवीकडचं दिसत नाही आणि पायाशी तर अंधारच. दोन वर्षांचं मूल नेमकं पायाशीच असतं. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पात्रांचे पोशाख आइस कपेड्स नावाच्या बर्फावरच्या नाचाच्या खेळाकडून उसने आणले होते. जगातल्या सगळ्यांत नावाजलेल्या उंदराची पार्कातली सुरुवातही अशी मागूनमागून झाली. तेव्हापासून पोशाख सुधारले, पण पायाशी काय चाललंय ते न दिसणं काही गेलेलं नाही.

हातमोजे जाड असतात, बोटं बहुधा चार, पकड नाहीच्या बरोबर. हे कळल्यावर कुणी आपलं तान्हं बाळ मॅस्कॉटच्या कडेवर देईल, असं मला वाटत नाही. पण दरवर्षी हजारो लोक देतात. बाळ आपल्याच कडेवर ठेवावं आणि आपण पात्राशेजारी उभं राहावं. फोटो तितकाच चांगला येतो. जायचं समोरून, त्याला दिसेल असं. मागून जाऊन खांद्यावर थाप मारली की तो दचकून वळतो आणि त्याच्या ढेरपोटाने शेजारचं पोर आडवं होतं. पात्राबरोबर टी-शर्ट घातलेला एक मदतनीस असतो. आतल्या माणसाचे डोळे आणि कान तोच. “दादा, ही घाबरते थोडी, लांबूनच हात हलवायला सांगा” हे त्या दादाला सांगावं, पुढचं तो बघतो. तो म्हणाला “आता बस, पाच मिनिटांनी”, की तो शब्द शेवटचा. “आम्ही इतक्या लांबून आलोय” हे तिथे चालत नाही आणि चालूही नये.

का चालू नये, ते हवामानाला विचारा. ठाण्या-डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसलं तरी घाम सुकत नाही. फोम आणि खोट्या केसांच्या कवचात तो सुकायला जागाच नसते. घाम सुकला नाही की अंग गार होत नाही, मग डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते. लग्नांत आणि वरातीत हल्ली हवा भरलेला पांढराशुभ्र टेडी नाचतो. त्याच्या कमरेला बॅटरीवर चालणारा ब्लोअर असतो आणि तो बाहेरची हवा सतत आत ढकलतो, त्याने टेडी फुगलेला राहतो. पण बाहेरची हवा म्हणजे कल्याणच्या मंडपातली मे महिन्याची हवा. ब्लोअर बंद पडला की सगळं कापड अंगावर कोसळतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ते बटण कुठे असतं हे फार लवकर कळतं. कापड तोंडावर पडलेल्या माणसाला श्वास घ्यायला काय वाटतं, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायचं काम घरच्यांचं.

या मोठ्या मुलांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. लहानग्यांच्या रडण्यावर सगळे उपाय सांगतात; पोटात गुद्दे मारणाऱ्या, शेपूट ओढणाऱ्या, डोकं उपसायला बघणाऱ्या पोरांवर कुणी बोलत नाही. “मुलंच ती” म्हणून आईबाप हसत उभे असतात. पोशाखाच्या आत कुणी विशी-बाविशीची मुलगीही असू शकते. कॉलेज करून संध्याकाळचे चार पैसे मिळवणारी अशी मुलं-मुली या धंद्यात असतात. तिच्या अंगावर फोम आहे म्हणून तिला वाटेल तिथे हात लावायचा परवाना मिळत नाही. उत्साही काकांनी लग्नात टेडीला कवळ्यात घेऊन उचलायचा प्रयत्न करणं, हे त्याच खात्यात जमा. साध्या कपड्यांत समोर आला असता तर ज्या माणसाला आपण हात लावला नसता, त्याला पोशाखातही लावायचा नाही. मुलांना घरातून निघताना एवढं सांगितलं तरी पुरतं.

आपल्याकडे मुखवट्याशी वागायची रीत नव्याने शिकायची गरज खरं तर नव्हती. डोंबिवलीच्या अर्ध्या बिल्डिंगा कोकणातल्या चाकरमान्यांनी भरलेल्या. त्यांनी गावी शिमग्यात संकासूर पाहिलेला असतो: काळा पेहराव, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. नमन-खेळे अंगणात आले की पोरं त्याला चिडवतात, तो मागे धावतो, पोरं किंचाळत माजघरात शिरतात आणि लगेच पुन्हा बाहेर. तिथे कुणी मुलाला ओढत संकासुराकडे नेत नाही. किती जवळ जायचं ते मूल ठरवतं. दरवर्षी एकेक पाऊल पुढे सरकतं, आणि एके वर्षी पाहतं तर संकासूर म्हणजे वरच्या वाडीतला ओळखीचा दादा. भीती गेली, गंमत राहिली.

त्याहून जवळचं उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. देवदेवतांचे आणि राक्षसांचे मोठाले रंगीत मुखवटे चढवून, रात्री, वाद्यांच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. म्हणजे गणपतीच्या मुखवट्याआड कोण आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी सोंग समोरून आलं की लोक हात जोडतात.

मला वाटतं, या विषयातलं खरं मर्म तिथे आहे. पार्कवाले म्हणतात की आत माणूस आहे हे मुलांना कळूच देऊ नका, जादू मोडेल. काही पालक उलट, मूल चार वर्षांचं व्हायच्या आत “ते खोटं असतं” सांगून मोकळे होतात. बोहाड्याच्या गावांना या दोन्हीची गरज पडली नाही. आत माणूस आहे हे माहीत असूनही त्यांनी मुखवट्याचा मान ठेवला. तेव्हा आपल्या मुलाने विचारलं, “आत कोण आहे?”, तर खरं सांगावं, विशेषतः तो घाबरला असेल तर. फक्त दुसऱ्याच्या मुलासमोर, रांगेत उभं राहून, मोठ्याने सांगू नये. आणि विचारलंच नसेल, तर आपण होऊन सांगायचं काही कारण नाही.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेतही हीच गोष्ट दिसते. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने ही यात्रा 1999 मध्ये सुरू झाली आणि तिथून ती ठाण्यासह राज्यभर गेली. सकाळी फडके रोडला घोड्यावर शिवाजी महाराज असतात, जिजाऊ असतात, रथात राम-सीता असतात. महाराज झालेल्या तरुणाच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढताना लोक बिचकतात. काहीजण तर नकळत वाकून नमस्कार करतात. तो शेजारच्या सोसायटीतला, कालपर्यंत ट्यूशनला जाणारा मुलगा आहे, हे त्यांना माहीत असतं. एक मात्र विसरलं जातं: ही छोटी जिजाऊ, हा छोटा बालशिवाजी पहाटे उठून, नऊवारी किंवा अंगरखा चढवून, रंग लावून तिष्ठत असतात. त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये, घोडा किंवा रथ थांबवायला लावू नये, आणि पाचव्या फोटोला त्या मुलीचं तोंड उतरलं असेल तर सहावा मागू नये.

थीम पार्कचं म्हणाल, तर ठाण्यात मानपाड्याची टिकुजिनीवाडी आणि घोडबंदर रोडचं सूरज वॉटर पार्क आहे. तिथे लोक जातात ते पाण्यासाठी आणि पाळण्यांसाठी. आधीच्या पिढीचं एस्सेलवर्ल्ड 1989 ला गोराईत सुरू झालं आणि 2022 मध्ये बंद झालं. आता सोसायटीची बस निघते ती खोपोलीजवळच्या इमॅजिकाकडे. ते 2013 मध्ये उघडलं आणि टबी नावाचा हत्ती त्याचा मॅस्कॉट आहे. अशा ठिकाणी आपला मोठा गुन्हा एकच असतो, गोतावळा. अकरा माणसांचं कुटुंब टबीपुढे उभं राहतं. एक फोटो सगळ्यांचा, एक फक्त बायकांचा, एक माहेरच्यांचा, एक “आता आजी-आजोबा एकटे”, मग प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तेच पुन्हा. मागच्या मुलांचा पाळीच्या आशेने जीव टांगणीला आणि आतल्या माणसाच्या डोळ्यांत घाम उतरलेला. एक कुटुंब, एक मोबाइल, दोन फोटो, आणि नंतर घरच्या ग्रुपवर टाकावेत. मोबाइलचं कुलूप रांगेतच उघडून ठेवावं. वडापावच्या चटणीचे हात पुसून घ्यावेत, कारण खोटे केस सहज धुता येत नाहीत आणि चटणी सगळ्यांच्या फोटोत येते.

पूर्ण मुखवट्यातली पात्रं बोलत नाहीत, म्हणून मुलांना मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायला शिकवावं. “तुला लाडू आवडतो?” याला झकास उत्तर मिळतं. “तुझं घर कुठे?” याला बिचारा नुसता हात पसरतो. सहलीच्या कंपनीबरोबर हाँगकाँग, पॅरिस किंवा अमेरिकेच्या डिस्नेला जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिथे पात्रं मुलांच्या वहीत सही करतात, पण त्या जाड हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही. जाडजूड पेन न्यावं आणि टोपण काढून, पान उघडून द्यावं. आणि अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत 14 वर्षं किंवा त्याहून मोठ्या पाहुण्यांनी एरवी पात्राचा पोशाख घालून येऊ नये असा नियम आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना खरं-खोटं पात्र कळेनासं होऊ नये. लहान मुलीला राजकन्येचा झगा खुशाल घाला. आईने घालू नये.

पण परदेशातल्या पार्कात काळजी घ्यायला व्यवस्था असते. पात्रांच्या बाहेर यायच्या वेळा बांधलेल्या असतात, आत जाऊन डोकं उतरवायला जागा असते, बरोबर माणूस असतो. आपल्या हॉलमधल्या मिकीला यातलं बहुधा काही नसतं. तासाच्या बोलीवर आलेला असतो, म्हणून यजमानाला वाटतं की तासभर त्याने नाचलंच पाहिजे. मध्येच डोकं काढायला तो जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात जातो आणि तिथेही चार पोरं त्याच्या मागोमाग पोचतात. बिनधडाचा मिकी आणि बिनडोक्याचा दादा एकदम पाहिलेलं तीन वर्षांचं मूल त्या रात्री नीट झोपत नाही, आणि दादाला पाण्याचा घोटही सुखाने मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वाढदिवसाला मॅस्कॉट बोलावणार असाल, तर हॉल ठरवतानाच विचारून घ्या: दार लागणारी, पंखा असलेली एक खोली त्याच्यासाठी मिळेल का? मिळत नसेल तर मॅस्कॉट बोलावू नका, जादूगार बोलवा. मिळत असेल तर तिथे गार पाणी आणि लिंबूसरबत ठेवा, त्याला वीस मिनिटांहून जास्त एका दमात नाचवू नका, आणि केटररला ताटं सांगताना त्याचं आणि त्याच्याबरोबरच्या मदतनिसाचं अशी दोन ताटं त्यात धरा.